टाकीतले जिवाणू

मुलांनो, अहिल्यानगर शहराजवळ नागापूर आहे. तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की कामगार आपापले डबे उघडतात. कोणाच्या डब्यात थोडा भात उरतो, कोणाच्या डब्यात रोटीचे तुकडे. हे अन्न कचऱ्यात जाते. पण त्यावर शेगडी पेटू शकते! कशी, ते पाहू.

तुम्ही खेड्यात गोबरगॅस पाहिला असेल. शेण पाण्यात कालवून बंद टाकीत सोडतात. आत हवा नसते. हवेशिवाय जगणारे जिवाणू शेण कुजवतात आणि गॅस तयार होतो. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन असतो. तो निळ्या ज्योतीने जळतो. घरात धूर होत नाही, आईचे डोळे चुरचुरत नाहीत.

पण हा जिल्हा दुष्काळी. पाऊस पडला नाही की जनावरे चारा छावणीत जातात. शेणच नाही, तर गॅस कोठून येणार?

पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी वेगळा विचार केला. शेण म्हणजे गाईने एकदा पचवलेला चारा. त्यातले बरेचसे सत्त्व गाईनेच घेतलेले असते. मग जिवाणूंना शिळे अन्न, खराब पीठ का देऊ नये? प्लॅस्टिकच्या दोन टाक्या घेऊन एकीत दुसरी पालथी घातली आणि छोटे संयंत्र तयार झाले. शेणाला कित्येक दिवस लागतात. या खाद्याचा गॅस एक-दोन दिवसांत मिळू लागला. सुरुवातीला मात्र शेण घालावेच लागते, कारण जिवाणू त्यातूनच येतात. या कामासाठी संस्थेला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

टाकीत दोन प्रकारचे जिवाणू असतात. पहिले अन्नापासून आम्ल बनवतात, दुसरे त्या आम्लापासून मिथेन. पहिले चपळ, दुसरे संथ. लग्नघरी उरलेला सगळा पुलाव एकदम आत ढकलला तर आम्ल साठते आणि गॅस बंद पडतो. लोक म्हणतात, “संयंत्र बिघडले.” खरे तर त्याला अजीर्ण झालेले असते! मग काही दिवस खाद्य थांबवावे लागते. फिनाईल तर आत जाताच कामा नये.

टाकीतून बाहेर येणारे पाणी फेकू नका. दारातल्या लिंबाच्या झाडाला ते चांगले खत आहे.