पांढऱ्या पेशींचा शिधा

बोटांत काटा रुतून जंतु शिरले म्हणजे ती जागा लाल होते, सुजते, तापते व ठणकते. यास दाह म्हणतात. रक्तांतील पांढऱ्या पेशी शिपायांप्रमाणें तेथें लढावयास जमल्याची ती खूण होय. शत्रूचा बीमोड झाला कीं दाह शमतो. परंतु शत्रु नसतांही या शिपायांनीं आपल्याच घरावर हत्यार उगारलें तर? सोरायसिस या त्वचारोगांत असेंच घडतें. कातडीवर लाल चट्टे उठतात व त्यांवरून रुपेरी खवले सुटतात. हा रोग स्पर्शानें मुळींच जडत नाहीं. तरीही अशा मुलाशेजारीं बाकावर बसण्यास सोबती कचरतात, हें आम्हीं पाहिलें आहे.

वाल्टर श्वेकेनडीक हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ या रोगानें स्वतः गांजला होता. शरीरांत साखर जळतांना मध्यंतरीं फ्यूमॅरिक आम्ल तयार होतें. आपल्या देहांत त्याचाच तुटवडा असावा, असा त्याचा तर्क. नुसतें आम्ल नीट शोषलें जात नाहीं, म्हणून त्यानें त्याचीं एस्टर संयुगें स्वतःवर योजून पाहिलीं व १९५९ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. गुण आला. १९९४ सालीं जर्मनींत या औषधास मान्यताही मिळाली. तर्कास मात्र आधार मिळाला नाहीं.

मग गुण कां आला? याचें एक उत्तर २०१८ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनीं दिलें. साखरेपासून शक्ति मिळविण्याच्या पेशींजवळ दोन तऱ्हा आहेत. पहिली निखाऱ्यासारखी, प्राणवायूच्या साह्यानें सावकाश चालणारी. तींत ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी नामक शक्तिद्रव्याचे सुमारें तीस रेणू लाभतात. दुसरी पेंढ्याच्या भडक्यासारखी. तींत दोनच रेणू हातीं लागतात, पण तत्काळ. लढाईस निघालेली पांढरी पेशी प्राणवायु भरपूर असतांही बहुधा हा भडकाच पसंत करते; कारण तिला वेग हवा असतो, आणि दाह चेतविणारीं द्रव्यें घडविण्यास कच्चा मालही हवा असतो. वरील औषध या घाईच्या वाटेवरील जीएपीडीएच नांवाच्या विकरास जखडून टाकतें, असें त्या संशोधकांस आढळलें. पेंढा संपला कीं भडका ओसरतो!

मज्जातंतूंवरील आवरण जाळणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या दाहरोगावरही याच कुळांतील औषध २०१३ पासून अमेरिकेंत दिलें जातें. परंतु शिधा तोडलेले शिपाई खऱ्या शत्रूपुढेंही दुबळे पडूं शकतात. म्हणून हें औषध घेणाऱ्याच्या रक्तांतील लिंफोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशी डॉक्टर वेळोवेळीं मोजवून घेतात, व त्या फार घटल्यास औषध थांबवितात.