ऐकणे

बाजारात मडके विकत घेणारी बाई ते नुसते पाहून घेत नाही, वाजवून घेते. मडके एका हातावर तोलून ती त्यावर टिचकी मारते. मडके अखंड व चांगले भाजलेले असले, म्हणजे खणखणीत आवाज येतो. त्याला बारीकशी चीर गेली असली, तर आवाज बद्द येतो. ती चीर डोळ्यांना दिसत नाही. कानांना मात्र तत्काळ कळते. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मुलाच्या कानांवरही तोच आवाज पडलेला असतो. पण त्याचे लक्ष पलीकडच्या फुगेवाल्याकडे असते. आवाज दोघांनाही ऐकू आला. ऐकला मात्र एकीनेच.

डोळ्यांना पापण्या आहेत. नको असलेले दृश्य आपण मिटून टाकू शकतो. कानांना तशी झाकणे नाहीत. गाडीचा कर्णा, कुत्र्याचे भुंकणे, शेजारच्या घरातील गाणे, सारे काही आपोआप आत शिरते. त्यांतील काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ठरविण्याचे काम मनाचे. या कामाला मराठीत 'अवधान' असा जुना व सुंदर शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांजवळ हे अवधानच मागतात. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या अठराव्या दशकातील अखेरच्या समासाचा विषयच 'श्रोता-अवलक्षण' हा घेतला आहे. वाईट वक्त्यांप्रमाणे वाईट श्रोतेही त्या काळी पुष्कळ असावेत!

लक्षपूर्वक ऐकण्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आढळते. ऑस्ट्रिया देशातील ग्राट्स या शहरी १७२२ साली लिओपोल्ड आउएनब्रुगर याचा जन्म झाला. त्याचे वडील पांथशाळा चालवीत. पिंपात मद्य किती उरले आहे हे पाहावयाचे झाल्यास पिंप बाहेरून ठोकून पाहण्याची रीत होती. रिकाम्या भागाचा आवाज पोकळ येई, भरलेल्या भागाचा भरीव. हा मुलगा पुढे व्हिएन्ना येथे वैद्य झाला आणि रोग्यांची छाती बोटांच्या टोकांनी ठोकून आवाज ऐकू लागला. निरोगी छातीचा आवाज एका तऱ्हेचा. आत पाणी साठले असल्यास त्या जागी बद्द. कित्येक वर्षांच्या अनुभवानंतर १७६१ साली त्याने याविषयी एक छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. परंतु ऐकण्याची विद्या शिकविणाऱ्या या पुस्तकाकडेच फारसे कोणी लक्ष दिले नाही. सत्तेचाळीस वर्षांनी, १८०८ साली, सम्राट नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार याने त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कुठे त्याची किंमत जगाला कळली. आउएनब्रुगर त्या वेळी पंचाऐंशी वर्षांचा वृद्ध होता.

कॉर्व्हिसारच्या शिष्यांपैकी एक रेने लाएनेक. १८१६ साली पॅरिस येथील नेकर रुग्णालयात त्याच्यासमोर हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी आली. ती स्थूल असल्यामुळे छाती ठोकून काही उमगेना. आणि परक्या तरुणीच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. एवढ्यात त्याला एक गोष्ट आठवली. लाकडाच्या तुळईच्या एका टोकाला टाचणीने ओरखडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्याने कागदांची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक रोग्याच्या छातीवर ठेविले आणि दुसऱ्याला कान लाविला. हृदयाचे ठोके त्याला पूर्वी कधी आले नव्हते इतके स्वच्छ ऐकू आले. हाच पहिला स्टेथोस्कोप. पुढे त्याने लाकडाच्या नळ्या करविल्या व स्वतःही केल्या.

नळी एका दिवसात झाली. ऐकणे शिकण्यास मात्र वेळ लागला. छातीतील घरघर, बुडबुड, सुसाट, करकर यांपैकी कोणता आवाज कोणत्या विकाराचा, हे कोणी सांगून ठेविलेले नव्हते. लाएनेकने रोग्यामागून रोगी ऐकले, प्रत्येक आवाजाचे वर्णन टिपून ठेविले आणि १८१९ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या क्षयरोगाचा त्याने इतका अभ्यास केला, त्याच रोगाने १८२६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. त्याने घडविलेली विद्या आजही प्रत्येक दवाखान्यात चालू आहे. छाती तपासताना डॉक्टर रोग्याला गप्प राहण्यास सांगतात आणि स्वतःही गप्प राहतात.

वर्गात मात्र हे गप्प राहणे फार कठीण जाते. गुरुजी विचारतात, "तीन डझन आंब्यांतील पाच नासले..." इतक्यात एक हात वर होतो. "एकतीस!" गुरुजी शांतपणे प्रश्न पुरा करतात, "...आणि चार शेजारी वाटले, तर किती उरले?" उत्तर सत्तावीस. त्या मुलाचे गणित कच्चे नसते. प्रश्न संपण्यापूर्वीच त्याच्या मनात उत्तर बोलू लागलेले असते आणि मनातील बोलण्याने बाहेरचा आवाज बुडून जातो. हुशार मुलांच्या हातून ही चूक अधिक होते, हे नमूद केले पाहिजे.

गणितातील चूक पुसता येते. पण मधल्या सुट्टीत एखादा मित्र हळूच म्हणतो, "पुढच्या महिन्यापासून बहुधा मी शाळेत येणार नाही." ऐकणारा म्हणतो, "असं? अरे, माझ्या मामानं नवी सायकल घेतली!" मित्र सायकलीची चौकशी करतो. घरी काय घडले आहे, वडिलांचे काम सुटले की आई आजारी पडली, हे सांगण्यासाठी त्याने मोठ्या धीराने तोंड उघडलेले असते. तो ते पुन्हा सांगत नाही.

ऐकण्याचा संबंध केवळ कानांशी नाही, हे कर्णबधिर मुलांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. समोरच्याचे ओठ, हात व चेहरा ती ज्या एकाग्रतेने न्याहाळतात, तितक्या एकाग्रतेने चांगल्या कानांची मुलेही क्वचितच ऐकतात.

ही सवय लावून घेता येते. संध्याकाळी अंगणात किंवा खिडकीपाशी पाच मिनिटे डोळे मिटून बसावे आणि ऐकू आलेले आवाज मग कागदावर लिहावे. पहिल्या दिवशी चार-पाचच सापडतील. आठवड्याने त्यांत दूरची गिरणी, पानांची सळसळ आणि आजीच्या बांगड्याही येतील. दुसरा खेळ दोघांचा आहे. एकाने दोन मिनिटे आपल्या मनातील काही सांगावे. दुसऱ्याने मध्ये बोलू नये, सल्ला देऊ नये, आपली हकीकत सुरू करू नये. सांगणे संपल्यावर त्याने तेच आपल्या शब्दांत परत सांगावे. काही चुकले असल्यास पहिल्याने दुरुस्त करावे, आणि "होय, हेच मला म्हणायचे होते," असे तो म्हणेपर्यंत दुसऱ्याने पुन्हा प्रयत्न करावा. मग पाळी बदलावी.