विमानाचा पंख आणि संगणकीय प्रतिरूपण

भिलाईची ओळख पोलादाची आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि भांडवलप्रधान उद्योगाचे उदाहरण म्हणून भिलाईचे नाव अभ्यासक्रमात स्थिरावले. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या भिलाईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथील स्थायी परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. हे शहर विमाननिर्मितीचे केंद्र नव्हे. तरीही येथील यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आज विमानाच्या पंखाची रचना अभ्यासू शकतो. वातबोगद्यासारख्या खर्चिक साधनाचे काही काम संगणक करू लागल्याने हे साध्य झाले.

पंख हवेला खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून त्याला वर उचलणारे बल मिळते. यालाच उत्थापन म्हणतात. पंखावरून व खालून जाणारे वायुकण मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचतात, हे अनेक पुस्तकांत आढळणारे स्पष्टीकरण चुकीचे आहे. उत्थापन हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि उत्थापन गुणांक यांवर अवलंबून असते. वेग दुप्पट झाला, की उत्थापन चौपट होते. रचनाकाराचे कौशल्य मुख्यतः गुणांकात दिसते.

एक उदाहरण पाहू. एनएसीए २४१२ हा प्रसिद्ध पंखछेद आहे. त्याची कमाल वक्रता रुंदीच्या २ टक्के असून ती पुढच्या कडेपासून ४० टक्के अंतरावर येते. जाडी १२ टक्के असते. वक्रतेमुळे आघातकोन, म्हणजे हवेच्या दिशेशी पंखाचा कोन, शून्य असतानाही थोडे उत्थापन मिळते. सुमारे उणे २ अंशांवर ते नाहीसे होते. कोन ४ अंश असताना केवळ छेदाचा विचार केल्यास सैद्धांतिक गुणांक सुमारे ०.६६ येतो. प्रत्यक्ष पंखाला मात्र टोके असतात. तेथे खालची हवा वर वळून भोवरे निर्माण होतात. लांबी रुंदीच्या १२ पट असेल तर गुणांक ०.५६ आणि ६ पट असेल तर ०.४९ इतका उरतो. १ चौरस मीटर पंख समुद्रसपाटीवर सेकंदाला २० मीटर वेगाने गेल्यास हे बल अनुक्रमे १३८ व १२० न्यूटन भरते. नुसत्या छेदाच्या हिशेबाने ते १६१ न्यूटन दाखवले जाते. चित्र सुबक असले, तरी उत्तर एक तृतीयांशाने फुगलेले असू शकते.

टोकांच्या या परिणामाचा सिद्धांत लुडविग प्रांटल यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडला. गटिंगन येथे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला रचलेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाने १९५१ मध्ये पहिले उड्डाण केले. त्या काळी आधार होता हातांनी केलेल्या गणिताचा आणि वातबोगद्यातील मोजमापांचा.

प्रतिरूपणात पंखाभोवतालचा अवकाश लाखो लहान कोष्ठांत विभागून प्रत्येक कोष्ठासाठी प्रवाहाची समीकरणे सोडवली जातात. ही गणकशक्ती परदेशातून मिळणे सोपे नव्हते. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८६ मध्ये ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक याच गरजेपोटी घडवला. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम ८०००’ १९९१ मध्ये आला. आज एक्सफॉइल आणि ओपनफोम ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. अर्थशास्त्राच्या भाषेत, नवा पंखछेद तपासण्याचा सीमांत खर्च घटून प्रामुख्याने वीज, वेळ आणि अभ्यास एवढाच उरला. वातबोगद्यात मात्र प्रत्येक नव्या आकारासाठी नवी प्रतिकृती घडवावी लागते.

तरीही वातबोगदा निरुपयोगी झालेला नाही. आघातकोन वाढत जाऊन सुमारे १५ अंशांजवळ पोहोचला, की प्रवाह पंखापासून सुटतो व उत्थापन ढासळते. याला स्टॉल म्हणतात. विमानाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची असलेली हीच अवस्था संगणकाला नेमकी वर्तवता येत नाही, कारण खळबळाट प्रवाहासाठी वापरली जाणारी प्रतिमाने अंदाजावर बेतलेली असतात. म्हणून आधी कोष्ठांची संख्या वाढवून उत्तर बदलते का, हे पाहतात. मग प्रकाशित मोजमापांशी ताळा घेतात. एनएसीए २४१२ ची अशी मोजमापे १९३० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. नवशिक्याने आपला पहिला पंख म्हणून तोच निवडावा तो यासाठी.