उद्यांचें अज्ञान व आजचें कर्तव्य

गाणें कानाला गोड लागलें म्हणजे त्यांतील विचार आपली परवानगी न घेतां मनांत शिरतो. उपदेश ऐकतांना आपण सावध असतों. गुणगुणतांना तसे नसतों. म्हणून कोणतेंही लोकप्रिय गाणें पारखतांना तीन प्रश्न विचारावे: त्यांत कोण काय विचारतो? त्यास उत्तर काय मिळतें? आणि काय सांगावयाचें राहून जातें? आज एका जगप्रसिद्ध गाण्यास हे प्रश्न लावून पाहूं.

‘के सेरा सेरा’ हें इंग्रजी गाणें जे लिव्हिंग्स्टन व रे इव्हान्स ह्या अमेरिकन जोडीनें रचलें. आल्फ्रेड हिचकॉक ह्यांच्या १९५६ सालच्या ‘द मॅन हू न्यू टू मच’ ह्या चित्रपटांत तें डॉरिस डे ह्यांनीं गाइलें, व त्यास ऑस्कर पारितोषिक मिळालें. नांवाचा भावार्थ ‘जें व्हावयाचें तें होईल’ असा आहे. गाण्यांत एक लहान मुलगी आपणास रूप व धन मिळेल काय, असें आईस विचारते. मोठी झाल्यावर ती प्रियकरास पुढील आयुष्याविषयीं विचारते. शेवटीं तिचीं स्वतःचीं मुलें तिला तेंच विचारतात. उत्तर तिन्ही वेळां एकच: पुढचें आपणांस दिसत नाहीं.

ह्या उत्तरांत सत्य आहे. आई खोटें आश्वासन देत नाहीं, धाकही घालीत नाहीं. पत्रिका व हस्तरेषा दाखवीत फिरणाऱ्यास हा बोध हितकरच आहे. परंतु प्रश्नांकडे लक्ष द्या. ‘मला काय मिळेल?’ हेंच सर्व विचारतात. ‘मीं काय करावें?’ असें कोणीच विचारीत नाहीं. म्हणून उत्तरही अर्धेंच राहतें, आणि तेवढेंच धरून बसणारा मनुष्य ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ह्या म्हणींतला होतो.

राहिलेला अर्धा भाग चित्रपटाच्या कथेंत सांपडतो. मोरोक्को देशांत प्रवास करीत असतां एका दांपत्याचा मुलगा पळविला जातो. शोध करीत तीं दोघें लंडनमधील एका परदेशी वकिलातींत पोहोंचतात. मुलगा वरच्या मजल्यावर कोंडलेला आहे. आई पाहुण्यांपुढें पियानोवर बसते, आणि पूर्वीं मुलासवें म्हटलेलें हेंच गाणें मोठ्यानें गाऊं लागते. मुलगा तिचा आवाज ओळखून शिटीनें साथ देतो. त्या आवाजाच्या मागानें बाप त्याच्यापर्यंत जातो. ‘होईल तें होईल’ असे शब्द मुखीं असतां ती माउली जें करतां येईल तें सर्व करीत होती!

याकोबाच्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत हाच भेद दिसतो. उद्यांचें आपणांस ठाऊक नाहीं असें सांगून तो थांबत नाहीं. प्रभूची इच्छा असेल तर आपण जगूं आणि अमुक अमुक करूं, असें म्हणावयास तो शिकवितो. ‘करूं’ हा शब्द तो गाळीत नाहीं.

आमचा शेतकरी हें जाणतो. पाऊस केव्हां येईल हें त्यास ठाऊक नसतें, तरी मृगापूर्वीं तो रान तयार ठेवितो. परंतु घरांत लेंकरूं तापानें फणफणलें असतां ‘नशिबीं असेल तें होईल’ म्हणून दवाखान्याची वाट न धरणें, ही श्रद्धा नव्हे व धीरही नव्हे. जें आपल्या हातीं नाहीं तें सोडून द्यावें. जें हातीं आहे तें सोडण्यास मात्र त्याच शब्दांची सबब करूं नये.

आतां घरीं एक करावें. ह्या आठवड्यांत आपलीं मुलें जें गाणें वारंवार म्हणतात तें त्यांजकडून पूर्ण म्हणवून घ्यावें, आणि वरील तीन प्रश्न त्यांनाच विचारावे. गाणें बंद करण्याची घाई करूं नये. त्याचा अर्थ त्यांस शोधूं द्यावा.