तळाचा शेजारी

मत्स्यालय ही केवळ शोभेची काचपेटी नव्हे. ती एक लहानशी वसाहतच असते. तिच्यात कोणाशेजारी कोणाला ठेवायचे, हे आपण ठरवतो. परिणाम मात्र माशांना भोगावे लागतात.

आफ्रिकेतील मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांचे उदाहरण घेऊ. खडकांत राहणारे हे रंगीत मासे आपल्या जागेसाठी त्वेषाने भांडतात. सरोवराचे पाणी अल्कधर्मी असून त्याचा सामू साधारणपणे ७.८ ते ८.६ असतो. तळाचे उरलेले अन्न वेचण्यासाठी काहीजण त्यांच्यासोबत कोरीडोरस हा चिमुकला कॅटफिश सोडतात. तो दक्षिण अमेरिकेतील, बहुधा मृदू पाण्यातला, शांत मासा आहे. मोठ्या सिक्लिडने त्याला गिळू पाहिले, तर त्याच्या परांचे ताठ काटे घशात अडकतात आणि दोघांचेही प्राण जाऊ शकतात.

याउलट, सायनोडोंटिस न्यासे हा कॅटफिश मलावीचाच रहिवासी आहे. तो दिवसा कपारीत दडतो आणि रात्री बाहेर पडतो. त्यामुळे संघर्ष टळतो. मात्र त्याचा टांगानिका सरोवरातील एक भाऊबंद कोकिळेसारखा वागतो. सिक्लिड मादी तोंडात अंडी उबवते. हा त्यांत आपली अंडी मिसळतो. त्याची पिल्ले यजमानाचीच पिल्ले खातात.

म्हणून शेजारी निवडताना पाणी, आकार व स्वभाव पाहावा. सफाईचे काम मात्र माशावर सोपवू नये. ते पाळणाऱ्याचेच कर्तव्य आहे.

पाठगत प्रश्न
१. कोरीडोरस मलावीच्या सिक्लिडांना योग्य सोबती का नाही?
२. ‘कोकिळेसारखा’ ही उपमा का दिली आहे?