गेम कन्सोलची साठवण : फिरती तबकडी आणि स्थिर चिप

गेम कन्सोल हा एकाच कामाला वाहिलेला संगणक होय. त्यात आकडेमोड करणारा प्रोसेसर असतो, चालू क्षणी लागणारी माहिती हाताशी ठेवणारी रॅम असते आणि खेळ कायमचा जेथे राहतो ती साठवण असते. मराठीत रॅमलाही ‘स्मृती’ म्हणतात आणि हार्ड डिस्कलाही. पण वीज जाताच पुसली जाणारी स्मृती आणि वर्षानुवर्षे टिकणारा साठा यांना एकच नाव दिले तर पुढचे सारे विवेचन गढूळ होते. म्हणून येथे पहिलीला स्मृती व दुसरीला साठवण असेच म्हटले आहे. खेळ सुरू करताना पडद्यावर जी प्रतीक्षा करावी लागते, ती मुख्यतः साठवणीतला माल स्मृतीत येईपर्यंतची असते.

१९५६ साली आयबीएम या कंपनीने फिरत्या तबकड्यांची पहिली साठवण बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे आणि एकूण सामावणूक पन्नास लाख अक्षरांची. पुढील साठ वर्षांत तबकडी आक्रसली, तिच्यावरील माहिती कोट्यवधी पटींनी दाटली. पण मूळ रचना तीच राहिली. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये अडीच इंची, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क होती.

या रचनेची अडचण समजण्यासाठी जबलपूरच्या खमरियाचे उदाहरण घेऊ. तेथील आयुध निर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिली. अशा कारखान्याच्या वस्तुभांडारात एकच भांडारपाल आहे अशी कल्पना करा. मागणीची चिठ्ठी आली की तो उठतो, योग्य रांगेपर्यंत चालत जातो, वस्तू घेऊन परततो, मग दुसरी चिठ्ठी पाहतो. एकाच फडताळातील शंभर वस्तू मागितल्या तर काम झपाट्याने होते. शंभर वस्तू शंभर फडताळांत असतील तर सारा दिवस चालण्यातच जातो.

हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष हा तो भांडारपाल. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०; एका फेऱ्याला सुमारे ११ सहस्रांश सेकंद लागतात. हवा असलेला भाग शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो. त्याआधी शीर्षाची भुजा योग्य वर्तुळावर न्यावी लागते, त्यात आणखी दहाबारा सहस्रांश जातात. म्हणजे विखुरलेल्या तुकड्यांपैकी सेकंदाला जेमतेम पन्नाससाठच हाती येतात. सलग वाचताना हीच डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास देऊ शकते; विखुरलेले वाचताना तिचा फार थोडा अंश पदरी पडतो.

या मर्यादेने खेळांचे रूपही घडवले. प्लेस्टेशन ५ चे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील व्याख्यानात एक मासलेवाईक गोष्ट सांगितली. ‘स्पायडर-मॅन’ या खेळात रस्त्यावरील टपालपेटीसारख्या किरकोळ वस्तूची माहिती डिस्कवर तब्बल चारशे वेळा नोंदलेली होती. हेतू इतकाच, की शहराचा कोणताही भाग वाचताना पेटी शेजारीच सापडावी आणि भुजेला फिरावे लागू नये. जुन्या खेळांतील नागमोडी वाटा आणि संथ उद्वाहनेही पुष्कळदा याचसाठी असत: खेळणारा वळणे घेत असताना पुढचा प्रदेश स्मृतीत उतरत असे.

फ्लॅश स्मृतीचा जनक म्हणून जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांचे नाव घेतले जाते. नावात स्मृती असली तरी ती साठवणच आहे. आपली परिभाषा येथे हरते खरी. हिच्यात काहीही फिरत नाही. सिलिकॉनवरील सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार अडकवून ठेवला जातो व त्याच्या प्रमाणावरून माहिती वाचली जाते. कोणत्याही कप्प्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ सहस्रांश सेकंदापेक्षाही कितीतरी कमी. शिवाय अनेक चिपा एकाच वेळी वाचता येतात. प्लेस्टेशन ५ च्या अंतर्गत एसएसडीला असे बारा मार्ग आहेत; जणू एका भांडारपालाच्या जागी बारा खिडक्या उघडल्या. तिचा वेग सेकंदाला साडेपाच गिगाबाइट आहे.

साडेपाच गिगाबाइट म्हणजे शंभर मेगाबाइटच्या पंचावन्न पट. मग खेळही पंचावन्न पट लवकर उघडेल काय? २०१९ साली सोनीने दाखवलेल्या प्रात्यक्षिकात प्लेस्टेशन ४ प्रोवर ८.१० सेकंद घेणारे काम नव्या यंत्राने ०.८३ सेकंदात केले. सुमारे दहा पट. उरलेला वेग गेला कोठे, हे जीन अम्डाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारावरून कळते. समजा, एका खेळाला उघडण्यास ४० सेकंद लागतात. त्यांतील ३० वाचनात, १० प्रोसेसरच्या कामात. साठवण दहा पट वेगवान केली तर ३० चे ३ होतील आणि एकूण १३ सेकंद लागतील. शंभर पट केली तरी १०.३. पहिल्या खर्चाने २७ सेकंद वाचले, दुसऱ्याने तीनही नाहीत.

म्हणून पैसे कोठे घालावेत याचे उत्तर यंत्रागणिक बदलते. घरात जुने प्लेस्टेशन ४ असेल तर त्यातील फिरती डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवावी. महागडी घेऊन उपयोग नाही, कारण त्या यंत्राचा जोडमार्गच अरुंद आहे. प्लेस्टेशन ५ ची गोष्ट निराळी. तेथे वेग आधीच भरपूर आहे, टंचाई जागेची. मूळ यंत्रात ८२५ गिगाबाइटपैकी सुमारे ६६७ वापरास मिळतात आणि एकेक मोठा खेळ शंभर गिगाबाइट व्यापतो. जागेसाठी खेळ पुसावा, तर पुन्हा उतरवून घेताना सेकंदाला ४० मेगाबिटच्या जोडणीवर शंभर गिगाबाइटला साडेपाच तास लागतात. यूएसबीने बाहेरून जोडलेल्या डिस्कवर प्लेस्टेशन ५ चे खेळ नुसते ठेवता येतात, चालवता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे मात्र चालतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये सोनीने यंत्रातील रिकामी एम.२ खाच सर्वांसाठी खुली केली. तीत चौथ्या पिढीची पीसीआय एक्स्प्रेस एनव्हीएमई ड्राइव्ह लागते; सेकंदाला ५,५०० मेगाबाइट वा अधिक वाचनवेगाची शिफारस आहे. ७,००० च्या ड्राइव्हसाठी जास्त रक्कम मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. पाचव्या पिढीची तर चौथीच्याच वेगाने चालेल, तापेल मात्र अधिक.

तापण्याचा मुद्दा आपल्याकडे दुय्यम मानून चालणार नाही. सोनीने या यंत्रासाठी सांगितलेले खोलीचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस आहे. खमरियाच्या वसाहतीत मे महिन्यातील दुपारी, पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, ही मर्यादा घरातच ओलांडली जाऊ शकते. ड्राइव्ह फार तापली की स्वतःचा वेग उतरवते, म्हणजे विकत घेतलेला वेग नेमका सुटीच्या दिवसांत हरपतो. म्हणून सोनीने उष्णता शोषणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, अनिवार्य केली आहे. पट्टीसह ड्राइव्हची जाडी ११.२५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, अन्यथा झाकण बसत नाही. यंत्र बंद कपाटात ठेवू नये, आणि कूलरच्या ओलसर झोतासमोर तर मुळीच नाही.

प्रत्यक्ष जोडणी अर्ध्या तासाची. यंत्र पूर्ण बंद करून वायर काढावी व ते निवू द्यावे. अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. बाहेरील कवच सरकवून खाचेच्या झाकणाचा स्क्रू काढावा, छोटी कडी ड्राइव्हच्या लांबीनुसार योग्य भोकावर न्यावी, ड्राइव्ह तिरपी धरून खाचेत पूर्ण सरकवावी, मग खाली दाबून स्क्रू आवळावा. जोर लावू नये. यंत्र सुरू होताच ते नव्या ड्राइव्हला आपल्या पद्धतीने आखून घेते, आणि त्यात तिच्यावरील आधीचे सारे पुसले जाते. तेव्हा वापरलेली ड्राइव्ह बसवायची असल्यास तिच्यावरील कुटुंबाची छायाचित्रे वा कागदपत्रे अगोदरच दुसरीकडे उतरवून घ्यावीत.