औषधालयातील निर्णय आणि व्यवस्थापकीय हिशेब

चिकित्सेच्या चतुष्पादांपैकी द्रव्याच्या ठायी चरकाचार्यांनी 'बहुता' हा गुण सांगितला आहे. औषधालयात ही बहुता राखावी की नाही, हे मात्र अनेकदा सदोष हिशेबावर ठरते.

धंतोलीतील एखादे औषधालय कल्पूया. घृताची बाटली २४० रुपयांस पडते व ३०० रुपयांस विकली जाते. महिन्यास २० बाटल्यांवर १,२०० रुपये उरतात. दुकानभाडे व पगार यांचा १,८०० रुपयांचा वाटा या कल्पावर टाकल्यास ६०० रुपयांचा तोटा दिसतो. तेवढ्यावरून घृत बंद केले, तरी भाडे व पगार कमी होत नाहीत. बुडतात ते १,२०० रुपये, आणि रुग्ण घृतास मुकतो.

ताळेबंद झालेल्या वर्षाची स्थिती दाखवितो. व्यवस्थापकीय हिशेबाचा प्रश्न निराळा आहे: या निर्णयाने कोणता खर्च खरोखर बदलेल? मुदतबाह्य साठा हा असा खर्च होय. १९४५ च्या औषध नियमावलीतील नियम १६१-ब अन्वये चूर्णाची मुदत २ वर्षे आहे. न खपलेला माल शिलकेतून वजा करावा.

म्हणून प्रत्येक कल्पाची विक्री, खरेदी व मुदतबाह्य साठा यांची स्वतंत्र नोंद ठेवावी, असे आम्ही सुचवितो. त्याच जागेत दुसरा कल्प अधिक शिल्लक देत असेल, तरच पहिला कमी करण्याचा विचार करावा.